नऊ आण्यांचं उत्तर

हळद काढून झाली असेल, शिजवण्याची धावपळ चालू असेल, त्यातून वेळ काढून तुम्ही ऐकताय. आज मी तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगणार आहे. गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची आहे, पण ती मला आठवली ती मागच्या उन्हाळ्यात, एका फोटोमुळे.

आमच्या गटाने हळद दळायची गिरणी बसवली. कर्ज गटाच्या नावावर, हप्ते आम्ही भरतो, पत्र्याच्या शेडसाठी विटासुद्धा आम्हीच वाहिल्या. उद्घाटनाला पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाला. चौथ्या दिवशी तो पेपरात आला. पुढच्या ओळीत पाहुणे, मागे आमचे पदर आणि अर्धे चेहरे. खाली पाहुण्यांची नावं ओळीने छापली होती, सगळी पुरुषांची. शेवटी लिहिलं होतं की महिला मोठ्या संख्येने उपस्थित होत्या. आमच्या गटात एक आजी आहेत, त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे आपल्याच गिरणीला आपण पाहुण्या व्हय?"

हसू आलं, पण शब्द मनात राहिला. बातमीत बाई असते, पण तिला नाव नसतं. किंवा नाव असतं ते तिच्यावर काही आपत्ती आली तरच. हे कधीपासून चाललंय, आणि याला कुणी कधी उत्तर दिलं का, हे मी शोधत गेले. उत्तर देणारी सापडली, आणि ती फार लांबची नव्हती. आपल्या सेनगावच्या पुढे वाशीम, आणि वाशीमच्या पलीकडे बुलढाणा. ती तिथली.

आधी थोडं मागे जाऊ. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र म्हणजे 'दर्पण'. बाळशास्त्री जांभेकरांनी ते मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलं. म्हणून ६ जानेवारीला आपल्याकडे पत्रकार दिन पाळतात. तेव्हा मुलींना शाळा जवळजवळ नव्हतीच. लिहिणारे पुरुष, छापणारे पुरुष, वाचणारेही पुरुष. बाईबद्दल पुष्कळ छापून यायचं. तिला शिकवावं की नाही, विधवेने पुन्हा लग्न करावं की नाही, यावर रकानेच्या रकाने भरायचे. पण बोलायचे पुरुषच. जिच्याबद्दल वाद, तिला कुणी विचारत नव्हतं.

मग सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात शाळा काढल्या. त्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या पत्रात छापून आला. आपल्या समाजातल्या बायकांना बाळंतपणातसुद्धा डोक्यावर छप्पर मिळत नाही, ही गोष्ट त्या शाळकरी पोरीने छापील अक्षरात मांडली. तोवर पेपरात दलित बाईचं दुःख आलंच तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून यायचं. मुक्ताने ते स्वतः सांगितलं. मुलगी लिहायला शिकली तर काय होतं, ते तिथे पहिल्यांदा दिसलं.

आता बुलढाण्याकडे येऊ. तेव्हा आपलं हिंगोली निजामाच्या राज्यात होतं, आणि वऱ्हाड, म्हणजे बुलढाणा, अकोला, अमरावती, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात. बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरची कचेरी होती. तिथे बापूजी हरी शिंदे हे हेडक्लार्क होते. ते सत्यशोधक विचारांचे. त्यांना चार मुलगे आणि एक मुलगी. मुलीचं नाव ताराबाई. वडिलांनी तिला घरीच मराठी शिकवली, संस्कृत आणि इंग्रजीचीही ओळख करून दिली. घराणं मराठ्यांचं, म्हणजे बायकांनी उंबऱ्याच्या आत राहायचं. लग्न लवकर झालं, नवरा घरजावई म्हणून आला. मूलबाळ झालं नाही. ताराबाई घरात होत्या, पण घरात वर्तमानपत्र येत होतं आणि त्या ते वाचत होत्या.

१८८१ साली गुजरातेत सुरतेकडे एक खटला गाजला. विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, मूल झालं, आणि लोकलाजेच्या भीतीने तिने ते मारलं असा आरोप होता. कोर्टाने फाशी सुनावली. पुढे अपिलात फाशी टळली आणि दुसरी शिक्षा झाली. देशभरच्या पेपरांत यावर लिहून आलं. त्यात पुण्याचं 'पुणेवैभव' हे जुन्या मताचं पत्र होतं. त्यात एक लेख आला. त्याचा रोख त्या एकट्या बाईवर नव्हता. बायका सगळ्याच अशा, नव्या सुधारणांनी त्या मोकाट सुटल्या, अशा सुरात तो समस्त स्त्रीजातीवर घसरला होता.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबा आणि विचार करा. त्या खटल्यात एक माणूस गैरहजर होता. ज्याच्यापासून तिला दिवस गेले, तो. त्याचं नाव नाही, त्याला शिक्षा नाही, त्याच्यावर लेख नाही. आणि दुसरं, विधवेने पुन्हा लग्न करू नये हा नियम कुणी केला? लग्न केलं असतं तर ते मूल लपवावं लागलं असतं का? हे पेपरवाल्याने विचारलं नाही. ताराबाईंनी विचारलं.

त्यांनी संपादकाला चार ओळींचं पत्र पाठवलं नाही, सरळ पुस्तकच लिहिलं. 'स्त्रीपुरुष तुलना'. १८८२ साली ते पुण्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. सोळा आण्यांचा रुपया होता तेव्हा, म्हणजे रुपयाला सात आणे कमी. स्त्रिया आणि पुरुष यांत जास्त साहसी कोण हे उघड करून दाखवायचं, असं पुस्तकाच्या नावातच त्यांनी सांगून टाकलं होतं. साहस म्हणजे इथे शौर्य नव्हे. अविचाराने केलेलं वाईट कृत्य, असा तेव्हाचा अर्थ. पेपर म्हणत होता की बायकाच साहसी. ताराबाई म्हणाल्या, चला, हिशेब मांडू.

आणि त्यांनी हिशेब मांडलाच. बाईच्या अंगी असतात असे म्हणतात ते दोष एकेक करून घेतले: कपटी, चंचल, अविचारी, मूर्ख. प्रत्येक दोषासमोर पुरुषाला उभं केलं. बाई कपटी म्हणता, मग लाच कोण खातं? खोटे दस्तऐवज कोण करतं? जुगार, दारू, लांडीलबाडी, तुरुंग कुणाने भरलेत? बाईला मूर्ख म्हणता, तर तिला शिकवलं कुणी नाही? बायको मेली की दहाव्या-बाराव्याला दुसरीचा विचार, आणि नवरा मेला की बाईने जन्मभर अंधाऱ्या कोनाड्यात बसायचं, हा न्याय कुठला? तुम्ही पगडी सोडलीत, पायात बूट घातलेत, साहेबाची चाल धरलीत, तेव्हा धर्म बुडाला नाही, मग बाईच्या बाबतीतच कसा बुडतो? अशा रोखाने त्या बोलतात. भाषा पुस्तकी नाही. ओट्यावर बसून तावातावाने बोलणाऱ्या बाईची आहे. म्हणी आहेत, टोमणे आहेत, मधेच देवालाही जाब आहे.

मला त्यांची आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या एका लेखाला उत्तर देऊन थांबल्या नाहीत. बाईबद्दल असं लिहायची सवय आली कुठून, तेही त्यांनी पाहिलं. जुन्या पोथ्या, पुराणं, त्या काळच्या नव्या कादंबऱ्या, नाटकं, बायकांच्या लबाडीच्या चवीने सांगितलेल्या गोष्टी, सगळं त्यांनी वाचलं होतं. यात बाई रंगवणारा प्रत्येक वेळी पुरुष आहे, आणि तो आपल्या सोयीची बाई रंगवतो, हे त्यांनी दाखवून दिलं. आज विद्यापीठात माध्यमांचा अभ्यास करणारे हेच काम करतात. ताराबाईंनी ते घरात बसून केलं.

मग पुढे काय झालं? कौतुक झालं म्हणता? चेष्टा झाली. बाईने इतक्या तिखट भाषेत लिहावं हे लोकांना रुचलं नाही. आणि जुन्या मताच्या लोकांनाच नव्हे, आपल्या माणसांनाही रुचलं नाही. सत्यशोधक मंडळींपैकी काहींनीसुद्धा नाकं मुरडली. त्या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले जोतीराव फुले. १८८५ साली 'सत्सार' या आपल्या छोट्या पत्रिकेत त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि नावं ठेवणाऱ्या आपल्याच सोबत्यांना फटकारलं. पण त्यानंतर ताराबाईंनी लिहिलेलं दुसरं पुस्तक आपल्यापर्यंत आलेलं नाही. त्या ५०० प्रती कुठे कुठे गेल्या आणि विसरल्या गेल्या.

त्र्याण्णव वर्षांनी, १९७५ साली, स. गं. मालशे या संशोधकांनी ते पुस्तक शोधून पुन्हा छापलं. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. म्हणजे बघा, माझ्या आजीच्या उमरीच्या बायका जन्मल्या, लग्नं झाली, म्हाताऱ्या झाल्या, आणि आपल्या शेजारच्या वऱ्हाडात अशी एक बाई होऊन गेली हे त्यांना कुणी सांगितलं नाही. १९९४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. आता भारतातल्या स्त्रियांच्या विचारांचा इतिहास लिहिताना ताराबाईंचं नाव सुरुवातीलाच येतं.

ताराबाई वाचक होत्या, त्यांच्या हातात पेपर नव्हता. पेपर हातात आलेली एक बाई त्यांच्यानंतर पंचवीसेक वर्षांनी दिसते. 'दीनबंधु' हे सत्यशोधकांचं पत्र. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ साली पुण्यात काढलं, पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालवलं. ते गिरणी कामगारांचं, शेतकऱ्यांचं पत्र. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वासुदेवराव बिर्जे ते चालवत होते. ते वारले. घरात दुःख, पत्र चालवायला पैसा नाही. त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी ते बंद पडू दिलं नाही. त्या फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या. संपादकाची खुर्ची त्यांनी घेतली आणि काही वर्षं पत्र चालवलं. बायकांसाठी बायकांनी काढलेली मासिकं त्याआधीही होती. पण तानुबाईंचं पत्र स्वयंपाक आणि विणकामाचं नव्हतं. त्यात सरकारवर, शिक्षणावर, बहुजनांच्या प्रश्नांवर अग्रलेख यायचे. या देशात असं सर्वांसाठीचं वर्तमानपत्र चालवणाऱ्या अगदी पहिल्या बायकांत त्यांची गणना होते.

आपल्या मराठवाड्यात मात्र परिस्थिती आणखी अवघड. निजामाच्या राज्यात मराठी पेपर काढणंच मुश्कील होतं. आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ साली 'मराठवाडा' हे साप्ताहिक काढलं ते पुण्याहून, आणि निजामाने बंदी घातली की नाव बदलून पुन्हा काढावं लागे. शाळा थोड्या, त्यातही मुलींच्या फारच थोड्या. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. त्या लढ्यात जालन्याकडच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या बाया हत्यार घेऊन उतरल्या. पण त्यांच्याबद्दल लोकांनी वाचलं ते बऱ्याच उशिरा. करताना बाई होती, लिहिताना राहून गेली.

आता एक अलीकडची आणि जड गोष्ट सांगते. २६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज. एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. खालच्या कोर्टाने पोलिसांना सोडलं, नागपूरच्या हायकोर्टाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. मुलगी ओरडली नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा तो विचार. १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाला उघडं पत्र लिहिलं. त्यांत दोन बाया होत्या, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार. पत्र पेपरांत आलं आणि गावोगावच्या बायका चिडून उठल्या. ८ मार्च १९८० ला ठिकठिकाणी मोर्चे निघाले. १९८३ साली कायदा बदलला.

त्या बदलात पेपरवाल्यांसाठी एक कलम आलं. बलात्कार झालेल्या बाईचं नाव छापायचं नाही, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. छापलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. आता नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७२ आहे. सज्ञान बाईने स्वतः लेखी परवानगी दिली तरच तिचं नाव देता येतं. मैत्रिणींनो, हे फक्त पेपराला लागू नाही. असं नाव, असा फोटो आपण मोबाईलवरून पुढे पाठवला तर आपणही गुन्हेगार ठरतो. म्हणून मीही त्या मुलीचं नाव आज घेतलं नाही.

बघा कशी उलटी तऱ्हा आहे. जिथे नाव झाकायचं तिथे लोक शोधून शोधून सांगतात. जिथे नाव सांगायचं, गिरणीच्या उद्घाटनाला, ग्रामसभेला, पिकाच्या बक्षिसाला, तिथे म्हणे महिला मोठ्या संख्येने उपस्थित होत्या.

हे आपल्याच भागात नाही. १९९५ पासून दर पाच वर्षांनी जगभरच्या देशांत एका ठरलेल्या दिवशी बातम्या मोजतात. बातमीत ज्यांच्याबद्दल सांगितलं किंवा ज्यांना बोलतं केलं, त्यांत बाया किती? १९९५ साली शंभरात १७ होत्या. २०२० साली २५. पंचवीस वर्षांत आठ वाढल्या. जगात बाया निम्म्या आहेत.

आपल्याकडची मोजणी तर डोळ्यांना दिसते. शेतकरी म्हटलं की बातमीतल्या चित्रात पटक्यातला पुरुष. निंदणी, खुरपणी, हळदीचं बेणं लावणं, हळकुंडं निवडणं, हे बायांच्या हातचं. पण त्यांना शेतकरी म्हणत नाहीत, मजूर म्हणतात. त्या शेतकरी म्हणून पेपरात येतात ते नवऱ्याने आत्महत्या केल्यावर, त्याचा फोटो मांडीवर घेऊन. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला एक कोयता म्हणतात. तोडणारी माणसं दोन, हिशेबात एक. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली देशभर गाजल्या, सरकारने समितीही नेमली. ती बातमी व्हायलाच हवी होती. पण ती उचल, तो अर्धा कोयता, एक दिवस आजारी पडलं तर भरावा लागणारा दंड, ज्याच्यापायी बाई पिशवी काढायला तयार होते, त्याची बातमी रोज का होत नाही?

तर काहींनी ठरवलं की आपणच सांगू. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली 'खबर लहरिया' हा पेपर निघाला. बातमीदार सगळ्या गावातल्या बाया, पुष्कळशा दलित. सुरुवातीला लोक हसले. पुढे त्यांच्यावर निघालेला माहितीपट ऑस्करपर्यंत गेला. रेडिओचंही तसंच. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आकाशातल्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. २००६ साली संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. २००८ साली तेलंगणात दलित शेतकरी बायकांचा 'संघम रेडिओ' सुरू झाला. आपल्या साताऱ्याकडे म्हसवडला 'माणदेशी तरंग' बोलू लागला. या रेडिओंना स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत, तशी अट आहे. पण बाईने आपल्या शेताबद्दल, आपल्या गटाबद्दल, आपल्या आजीबद्दल स्वतःच्या आवाजात बोलायला अट नाही. मी आता बोलतेय ते तेच.

आता आमच्या फोटोचं काय झालं ते सांगते. आम्ही गटाच्या बैठकीत ठरवून संपादकांना पत्र लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या, आजींनी अंगठा दिला. वार्ताहराचा फोन आला. तो म्हणाला, ताई, मला जी बातमी लिहून मिळाली तीच मी पाठवली. तुमची नावं त्यात नव्हतीच. आम्ही चौकशी केली. बातमीचा कागद आमच्याच एका सदस्याच्या मुलाने लिहिला होता, आणि तो पाठवण्याआधी मी वाचला होता. मी! पाहुण्यांच्या नावात चूक नको म्हणून मी तीनदा तपासला. आमची एकीचीही नावं नाहीत हे माझ्या लक्षातच आलं नाही.

त्या दिवशी मला ताराबाई खऱ्या कळल्या. पेपरवाल्याला जाब विचारणं सोपं आहे. आपल्या डोक्यात बसलेला पेपर वाचणं अवघड.

तेव्हापासून आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हालाही सुचवते. एक, कार्यक्रमाची बातमी गटातलीच बाई लिहील, आणि पहिल्या ओळीत गटाचं नाव, अध्यक्ष-सचिवांचं पूर्ण नाव येईल. फलाण्याची पत्नी असं नाही. सरपंच बाई असेल तर बातमीत तीच बोलेल, तिचे पती नाहीत. दोन, महिन्यातून एका बैठकीत आठवड्याचे पेपर समोर ठेवायचे. वाचता येणारीने वाचायचं, बाकीच्यांनी मोजायचं: बाईचं नाव किती बातम्यांत, कशासाठी, आणि ती बोलली की तिच्याबद्दल दुसरंच कुणी बोललं. तीन, चुकीचं, बदनामी करणारं छापून आलं तर गप्प बसायचं नाही. आधी संपादकाला लेखी कळवायचं, कात्रण जपून ठेवायचं. दाद मिळाली नाही तर दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिक किंवा साप्ताहिकात छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. कौन्सिल दंड करत नाही, पण संपादकाला जाब विचारते आणि समज देते.

ताराबाईंच्या हातात यातलं काहीच नव्हतं. ना गट, ना रेडिओ, ना मोबाईल. एक पेपर होता, राग होता, आणि लिहिता येत होतं. त्यावर त्यांनी नऊ आण्यांचं पुस्तक काढलं आणि आपलं नाव घालून छापलं.

आमची बातमी पंधरा दिवसांनी पुन्हा आली. छोटीच, आतल्या पानावर. अकरा नावं होती. मी आजींना त्यांचं नाव बोट ठेवून दाखवलं. त्यांनी ते कात्रण कापून घेतलं आणि चोळीच्या खिशात ठेवलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. तोवर तुमच्या गावच्या पेपरात बाया मोजा, आणि काय दिसलं ते कळवा. नमस्कार.